एक वाजून दहा मिनिटांची रेघ

भोये मॅडमनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो आमची ओळख होऊन पाच मिनिटं व्हायच्या आत. जव्हारच्या आमच्या कॉलेजात त्या फिजिक्स शिकवायला आल्या, त्याच दिवशी ग्रंथालयात येऊन त्यांनी एक जाडजूड पुस्तक मागितलं. मी नोंद करून ते पुढे सरकवलं. बाईंनी उचललं नाही. काउंटरवरच उघडून पहिल्या पानापासून पानांचे आकडे तपासायला लागल्या. मागे पोरांची रांग लागली. मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "मॅडम, आमच्याकडे पुस्तकं जपली जातात."

"कशावरून?" त्यांनी विचारलं.

आवाजात राग नव्हता, कुत्सितपणा तर मुळीच नव्हता. किती वाजले असं विचारावं तसं विचारलं. आणि पुढच्याच मिनिटाला दोनशे बारानंतर एकदम दोनशे सतरा आलं. "चार पानं नाहीत. तसं लिहून ठेवा, म्हणजे नंतर माझ्या डोक्यावर नको," म्हणाल्या आणि पुस्तक घेऊन गेल्या. ग्रंथपाल म्हणून माझी तोवर बारा वर्षं झाली होती. ती चार पानं गेल्याचं मला माहीत नव्हतं, आणि पोरांसमोर ते उघड झालं याचा राग मला पुढे कितीतरी दिवस होता.

"कशावरून" हा त्यांचा श्वासोच्छ्वास होता. बुटक्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि खांद्याला एक कापडी पिशवी, त्यात टेस्टर, चिकटपट्टी आणि वही. राहायला जामसरला, रोज जीपने ये-जा. जीपवाला म्हणायचा, "पाच मिनटांत सोडतो, बसा." बाई बसायच्या, वेळ लिहायच्या. महिनाभराने त्यांनी ती वही जीपवाल्याच्या हातात दिली. त्याची पाच मिनिटं कधी वीस भरली होती, कधी पन्नास. तो बिचारा डोकं खाजवत म्हणाला, "खरं सांगू का म्याडम, शिटा भरल्याबिगर मला पण नाय ठाऊक कधी निघंल." बाई खूश झाल्या. "आता खरं बोललास," म्हणाल्या आणि त्यानंतर त्या जीपची त्यांनी कधी तक्रार केली नाही.

एका प्राचार्यांच्या निरोप समारंभात साहेब गहिवरून म्हणाले, "हे कॉलेज माझं दुसरं घर होतं." माझ्या शेजारी बसलेल्या बाई पुटपुटल्या, "कशावरून? चारच्या ठोक्याला पहिल्या घरी पळायचे." मला हसू आवरेना. समोरच्या रांगेतले तिघं वळून माझ्याकडे बघायला लागले. बाई मात्र गंभीरपणे टाळ्या वाजवत होत्या.

तर अशा या बाई एका आषाढात माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "दळवी, तुमच्या ग्रंथालयाची मागची खोली मला द्या. मला तिथं बुरशी वाढवायची आहे."

माझी दातखीळच बसली. जव्हारचा पावसाळा ज्याने काढलाय त्यालाच हे कळेल. चार महिने धुकं खिडकीतून आत येऊन बसतं आणि पुस्तकांच्या पाठीवर पांढरी लव चढते. कडुनिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या, कोरडी फडकी यांच्या जोरावर त्या लवेशी लढण्यात माझी निम्मी नोकरी गेली. आणि ही बाई तिला खोली द्या म्हणते! मी प्राचार्यांकडे धावलो. पण बाईंचा अर्ज तिथं माझ्याआधी पोचला होता, मंजूरही झाला होता. मागची खोली थंड, अंधारी, दमट. पुस्तकांना नालायक म्हणून मीच ती रिकामी ठेवली होती.

बाईंनी मला समजावून सांगितलं ते असं. धिंगरी अळंबीची छत्री आपण भाजी करून खातो, पण तो नुसता फुलोरा. खरा जीव आत, पेंढ्यात पसरलेल्या पांढऱ्या तंतूंमध्ये. त्या तंतूंमधून अगदी बारीक वीज वाहते. खायला दिलं, ओलं केलं, टोचलं की तिचा चढउतार बदलतो. "कॉम्प्युटरच्या चिपमध्ये तरी दुसरं काय असतं? इथं वीज आहे का नाही, एवढंच. मोठमोठ्या प्रयोगशाळांतून लोक आता जिवंत तंतू आणि तारा एकत्र जोडून बघतायत. अर्धं यंत्र, अर्धं जिवंत. वीज कमी खाईल, मोडलं तर आपलं आपण सांधेल."

"म्हणजे ही बुरशी बेरजा करणार?" मी विचारलं.

"बेरजेचं पुढं बघू. तिच्या लक्षात काही राहतं का, एवढंच मला बघायचंय. ज्याच्या लक्षात राहत नाही त्याचा कॉम्प्युटर कसा करणार?"

यात बाईंचं सगळं अडकलं होतं. पीएचडीसाठी नाव नोंदवून त्यांना नऊ वर्षं झाली होती. मुदत दोनदा वाढवून झालेली. तिसरी आणि शेवटची वाढ दिवाळीपर्यंत होती. तोवर प्रबंध गेला नाही तर नाव रद्द, आणि वयाच्या पन्नाशीत पुन्हा पहिल्यापासून कोण घेणार? शहरातल्या विद्यापीठात त्यांचे गाईड होते. ते फोनवर सारखं म्हणायचे, "रंजनाबाई, या पावसात काहीतरी हाती लागलंच पाहिजे."

मागच्या खोलीत दोन काचेच्या पेट्या आल्या. दोन्हींत उकडून गार केलेला भाताचा पेंढा, त्यात धिंगरीचं बियाणं. झाकणाला एक भोक, भोकाला कापसाचा बोळा. तंतू पसरले तशा बाईंनी त्यांत बारीक तारा खोचल्या आणि त्या एका जुन्या कॉम्प्युटरला जोडल्या. पडद्यावर दोन रेघा सरकत राहायच्या, वरची पहिल्या पेटीची, खालची दुसरीची. रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे त्यांचा तास सुटला की, बाई पहिल्या पेटीत साखरपाण्याचे मोजून थेंब टाकायच्या. थोड्या वेळाने वरची रेघ चढायची. दुसऱ्या पेटीला साखरपाणी नाही, फक्त साधं पाणी. ती तुलनेसाठी. रोज सकाळी दहाला दोन्ही पेट्यांवर पाणी फवारायचं काम लहानूमामांकडे होतं.

लहानूमामा आमचे शिपाई. मूळचे मोखाड्याकडचे, वर सूर्यमाळच्या एका पाड्यावरचे. जव्हारात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी घरी जायचे. काटकुळे, कमी बोलणारे, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेले. कॉलेजच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असायच्या. वीस वर्षं ते त्याच मागच्या खोलीत बसून दुपारचं जेवत आले होते, कारण तिथं त्यांना कुणी हाक मारत नसे. पेट्या आल्या म्हणून त्यांची जागा काही बदलली नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच कुणाच्या ध्यानात आलं नाही.

महिनाभर साखरपाणी देऊन बाईंनी ते बंद केलं. आता खरी परीक्षा होती. खाणं न मिळताही एक वाजून दहा मिनिटांनी वरची रेघ चढली तर बुरशीला आठवण आहे. नाही चढली तर नाही.

रेघ चढली! दुसऱ्या दिवशी चढली, तिसऱ्या दिवशी चढली, आठवडा झाला तरी चढतच राहिली. गाईडसाहेबांचा आनंद फोनमधून उतू जात होता. आमच्याकडे मोबाईलला रेंज येते ती वाचनकक्षाच्या एकाच खिडकीत, त्यामुळे बाईंचं सगळं बोलणं मला आपोआप ऐकू यायचं. प्राचार्यांनी तर घाईघाईने सत्कार ठरवला. शाल आली, श्रीफळ आलं, फळ्यावर पोरांनी रांगोळीसारखी अक्षरं काढली. बाई उभ्या राहिल्या आणि शाल खांद्यावर पडायच्या आत हाताने अडवून म्हणाल्या, "सर, जरा थांबा. दुसऱ्या पेटीचं अजून कळलेलं नाही."

कारण गेल्या आठवड्यापासून खालची रेघही चढायला लागली होती. एक वाजून दहा मिनिटांनीच.

"जिला मी कधी काही दिलंच नाही, ती कसली आठवण काढतेय?" बाई मला म्हणाल्या. मी म्हणालो, "पहिलीचं बघून शिकली असेल." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुस्तकं लावायला लागलो.

मग त्यांचा संशय मोकाट सुटला. आधी विजेवर. त्यांनी मेन स्विचपाशी उभं राहून दुपार काढली. मग पाण्याच्या मोटारीवर, ती दोन दिवस एक वाजता बंद ठेवायला लावली आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. मग टेकडीवरच्या मोबाईल टॉवरवर, उंदरांवर, पोरांवर. संध्याकाळी जाताना त्या दाराच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवून वर सही करायच्या आणि सकाळी पट्टी शाबूत आहे का बघायच्या. पट्टी रोज शाबूत. म्हणजे जे काय होतं ते दिवसा. आणि दिवसा त्या खोलीच्या दाराशी कोण बसतो? मी.

एका सकाळी त्या माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "दळवी, स्पष्ट विचारते. तुम्हाला बुरशीचा राग आहे. पेट्यांवर तुम्ही काही फवारता का? खोलीत आंबूस वास येतोय."

मला काय वाटलं असेल! वासाची कुरकूर बाईंच्या आधी मीच केली होती. मी ताडकन उठलो. म्हणालो, "मॅडम, मी पुस्तकांवर हात ठेवून शपथ घेतो."

"शपथेनं काय कळणार?"

"मग पोलीस बोलवा!" मी ओरडलो. वाचनकक्षातली पोरं वह्यांत तोंड खुपसून हसत होती. त्यानंतर आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. त्या आल्या की मी खिडकीतून बाहेर बघायचो. आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांचा संशय यायला लागला होता. एवढी मुदत डोक्यावर असलेली बाई स्वतःच तर पेटीत काही घालत नसेल, आणि वरून हे नाटक? माणसाचा काही नेम नाही. हे मी कुणाला बोललो नाही, पण मनात आलं होतं, ते इथं कबूल करतो.

मग एक दिवस दुपारी त्या वाचनकक्षाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर येऊन बसल्या. तिथून मी दिसायचो आणि मागच्या खोलीचं अर्धं दारही दिसायचं. समोर पुस्तक उघडं, डोळे माझ्यावर. मी मुद्दाम हात टेबलावर ठेवून बसलो. घे बाई, बघ. एक वाजला. लहानूमामा डबा घेऊन नेहमीसारखे मागच्या खोलीत गेले. थोड्या वेळाने बाई एकदम उठल्या आणि दाराशी जाऊन थांबल्या. मीही मागे गेलो.

लहानूमामा खाली मांडी घालून बसले होते. नागलीची भाकर, उडदाचं कालवण, बाटलीत पेज. त्यांनी अजून घास घेतला नव्हता. ते उठले, पहिल्या पेटीचा कापूस काढला, पेजेत बोटं बुडवून चार थेंब आत सोडले, कापूस लावला. मग दुसऱ्या पेटीशीही तसंच केलं. मग बसले आणि जेवायला लागले.

"मामा," बाई हळूच म्हणाल्या, "हे किती दिवस चाललंय?"

मामा दचकले नाहीत. "तुमी साखरपानी बंद केलात ना बाई, तवापासून. मला वाटला, तुमाला कामाच्या घाईत आठवत नसंल."

"आणि दुसऱ्या पेटीला?"

"एकाला द्याचा आन दुसऱ्यानं बघत बसाचा? तो पन जित्ताच हाय ना? जित्त्याच्या म्होरं एकट्यानं कसा खावा? आमच्यात घरी कोंबडी-कुत्र्याला, धरतरीला घास दिल्याबिगर कोन तोंडात घालत नाय." आणि मग बाईंचा चेहरा बघून घाबरून म्हणाले, "काय चुकला काय माझा?"

बाई तिथंच उंबऱ्यावर बसल्या. नऊ वर्षांचं काम चार थेंब पेजेत बुडालं होतं. मला वाटलं, आता या म्हाताऱ्यावर तुटून पडणार. पण तसं झालं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दळवी, मी तुमच्यावर संशय घेतला, मोटारीवर घेतला, उंदरांवर घेतला. मामांना मात्र एका शब्दाने विचारलं नाही. मला वाटत होतं, हा माझा त्यांच्यावरचा विश्वास आहे. विश्वास कसला? मला ते त्या खोलीत दिसतच नव्हते." एवढं बोलून त्यांनी माझी माफी मागितली. मी "असू द्या हो" म्हणालो.

गाईडसाहेबांना त्यांनी लगेच फोन करून सगळं सांगितलं. खिडकीत उभ्या राहून, मोठ्याने. फोन स्पीकरवर होता, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग साहेब म्हणाले, "हे बघा, शिपायाचं कशाला काढता? दुसरी पेटी खराब झाली म्हणून वगळा. पहिलीचं मांडून टाका. तिथं जव्हारला कोण बघायला येतंय?"

"मी बघितलंय ना सर," बाई म्हणाल्या.

शेवटी तडजोड निघाली. मुदतीला जेमतेम दोन आठवडे होते. सलग अकरा दिवस पेट्यांत पाण्याशिवाय काहीही जाणार नाही, आणि दुपारी एक ते दोन खोलीत कुणी पाऊल ठेवणार नाही. अकरा दिवसांच्या रेघा काय सांगतात ते खरंखुरं लिहायचं, आणि प्रबंध द्यायचा. रेघ चढली तर आठवण आहे, नाही चढली तर नाही. दोन्ही चालेल, पण अकरा दिवस पूर्ण पाहिजेत. त्यात एक दिवसही मोडला तर अपुऱ्या नोंदींवर गाईडसाहेब सही करणार नव्हते. आणि त्यात त्यांचं चुकत होतं असंही नाही.

अडलं ते लहानूमामांपाशी. पेज देऊ नका म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मंग मी पन दुपारचा नाय जेवनार."

"अहो मामा, तुम्ही बाहेर बसून जेवा. त्याला काय दिसतंय?"

"बाई, त्याला वेळ कळती का त्याचीच तर तुमी परीक्षा लावलीय. ज्याला वेळ कळती त्याला भूक नाय कळनार?"

बाईंनी वही मिटली. त्या म्हणाल्या, "मग अकरा दिवस रजा घ्या, घरी जा." मामा म्हणाले, "सूर्यमाळला जाऊन मला इसर पडंल काय?" मग बाई म्हणाल्या, "ठीक. तुम्ही नाही तर मीही नाही." आता दोघं उपाशी बसणार आणि मी भरल्या पोटी समोर फिरणार हे बरं दिसेना, म्हणून मीही हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून मी बाराला गुपचूप कँटीनमध्ये जाऊन दोन वडे खात होतो. भोये मॅडमच्या इतक्या संशयी नजरेतून एवढी एकच गोष्ट निसटली.

रोज एकला आम्ही तिघं खोलीबाहेरच्या बाकावर बसायचो. दार बंद, आणि डबेही बंद, ते संध्याकाळीच उघडायचे. रेघा बघायला बाईंनी पडदा बाहेर आणून माझ्या टेबलावर ठेवला होता. पहिल्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी दोन्ही रेघा चढल्या. मी बाकावरून उडालोच. बाई म्हणाल्या, "पेंढ्यात कालची पेज मुरलेली असेल. बसा खाली." दुसऱ्या दिवशी जरा कमी चढल्या, तिसऱ्या दिवशी आणखी कमी. गाईड फोनवर म्हणाले, "अहो, हेच तर! खाणं मिळेनासं झालं की आठवण अशीच पुसट होते." बाई म्हणाल्या, "किंवा पेज संपत आली. अकरा दिवस होऊ द्यात." पाचव्या दिवशी रेघ जेमतेम हलली. मामा पडद्याकडे बघत म्हणाले, "त्यानं आपली वाट बघाची सोडली, बाई." बाईंनी ते वहीत लिहिलं नाही, पण त्यांचा हात वहीवर बराच वेळ तसाच राहिला.

प्रबंध काही गेला नाही. दिवाळीनंतर विद्यापीठाचं पत्र आलं, नाव रद्द झाल्याचं. स्टाफरूममध्ये लोकांनी नाना तर्क केले. कुणी म्हणालं, बाईंना जमलंच नसणार. कुणी म्हणालं, गाईडशी बिनसलं. एका दीडशहाण्याने तर, संशयी माणसाचं असंच व्हायचं, असंही ऐकवलं. बाईंनी कुणालाही खुलासा दिला नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत त्या शिकवत होत्या, आणि नावाच्या पाटीवर शेवटपर्यंत नुसत्या 'श्रीमती' होत्या. निरोपाच्या दिवशी त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायला मी उभा राहिलो होतो, पण काय बोललो ते मला आठवत नाही. मला भोये मॅडम म्हटलं की आठवतात त्या एकाच दुपारच्या, सहाव्या दिवसाच्या.

त्या दिवशी आम्ही बाकावर बसलो होतो. एक वाजून गेला होता. बाईंची नजर पडद्यावर, माझी घड्याळावर. मामांनी पाठ भिंतीला टेकली होती. बाई काहीतरी विचारायला वळल्या, आणि थांबल्या. मामांचे हात गुडघ्यावर थरथरत होते, कपाळावर घाम डवरला होता. बाहेर असं गार धुकं की मी स्वेटर घातलेला.

"मामा, काय होतंय?"

"काय नाय. सकाळला साखरेची गोळी घेतली ना, पोटात काय नसला का असा व्हतंय. बसंल आता खाली."

"तुम्हाला डायबेटिस आहे?" बाईंचा आवाज चढला. "कधीपासून?"

"झाली की धा वर्सं."

दहा वर्षं! मी त्यांच्याबरोबर रोज चहा घ्यायचो, बिनसाखरेचा का घेतात हे मी कधी विचारलं नव्हतं. बाईंनी पिशवीतून साखरपाण्याची बाटली काढली आणि मामांच्या तोंडाला लावली. मामांनी ओठ मिटून घेतले. मान हलवून आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. शब्द फुटत नव्हता, पण हट्ट कायम होता.

मी म्हणालो, "मॅडम, धरून पाजू या. अजून पाचच दिवस राहिलेत." हे मी म्हणालो. पाच दिवस राहिलेत, असंच म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या आत गेल्या. दार सताड उघडं टाकलं. दोन्ही पेट्यांचे बोळे काढले आणि ड्रॉपरने आत साखरपाणी सोडलं. अशा वेळीसुद्धा थेंब मोजले, दोन्हीकडे सारखे. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "दिलं मामा, दोघांनाही दिलं. आता प्या."

मामा घटाघटा प्यायले. हळूहळू हात थांबले. बाईंनी त्यांचा डबा उघडून मांडीवर ठेवला, आपला उघडला आणि त्यातली भाजी त्यांना वाढली. मग त्यांच्या समोर जमिनीवर बसल्या, आणि ते घास कसा तोडतात, नीट चावतात का, ते एकटक बघत राहिल्या.

माझं लक्ष पडद्याकडे गेलं. काल जेमतेम हललेल्या दोन्ही रेघा सरसर वर चढत होत्या, कधी नव्हे एवढ्या.

"मॅडम," मी म्हणालो, "रेघ बघा! मॅडम!"

त्यांनी मान वळवली नाही. "असू दे," म्हणाल्या. "मामा, अजून एक भाकर घ्या."